हातातले हत्यार आणि समोरचा प्रश्न

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. इयत्ता सातवीच्या वर्गात मी त्रैराशिक शिकवीत होतो. गणिताच्या मास्तरांचे त्रैराशिकावर फार प्रेम असते, माझेही आहे. पाच पेन्सिलींना पंधरा रुपये, तर आठ पेन्सिलींना किती? एक मोटार दोन तासांत ऐंशी किलोमीटर जाते, तर पाच तासांत किती? अशी उदाहरणे फळ्यावर भराभर सुटत होती. मुले खुशीत होती आणि मुलांहूनही मी अधिक खुशीत होतो. तास संपत आला, पुस्तकातील उदाहरणे संपली, म्हणून मी एक उदाहरण तोंडी घातले. दोरीवर घातलेला एक सदरा वाळावयास दोन तास लागतात, तर पाच सदरे वाळावयास किती तास लागतील? सारा वर्ग एकमुखाने ओरडला, "दहा!" आणि मीही फळ्याकडे तोंड करून मोठ्या अक्षरांत दहा हा आकडा लिहिला.

मागल्या बाकावरील एक मुलगी गणितात जेमतेम पास होणारी. ती भीत भीत उठून म्हणाली, "सर, आमच्या घरी तर सगळे एकदमच वाळतात."

वर्गात हशा पिकला. तो माझ्यावर होता आणि मी तो योग्य मानून घेतला. वीस वर्षे गणित शिकविणाऱ्या माणसाला जे दिसले नाही, ते गणिताची धास्ती घेतलेल्या मुलीला दिसले. कारण उघड आहे. माझ्या हातात त्रैराशिक होते. तिच्या डोळ्यांसमोर कपड्यांची दोरी होती.

आज मी आपणांशी बोलणार आहे ते मनाच्या या खोडीविषयी. जे साधन आपल्या हाताशी असते, ज्या रीतीने आपले काम पूर्वी अनेकदा फत्ते झालेले असते, तेच साधन आणि तीच रीत आपण पुढील प्रत्येक प्रसंगी वापरू पाहतो. प्रश्न बदलला आहे काय, हे पाहण्याचे भानच राहत नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण सरड्याला निदान कुंपण दिसते. आपल्या मनाला स्वतःचे कुंपण दिसत नाही, ही खरी अडचण होय.

अमेरिकेतील तत्त्वज्ञ अब्राहम कॅप्लन यांनी १९६४ साली या खोडीला साधनाचा नियम असे नाव दिले. लहान मुलाच्या हाती हातोडी दिली, तर घरातील प्रत्येक वस्तू ठोकण्यायोग्य आहे असे त्याला वाटू लागते, असा त्यांचा दाखला होता. पुढे १९६६ साली मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनीही हातोड्याचाच दृष्टांत घेतला, आणि हातोडेवाल्याला सारे जग खिळ्यांनीच भरलेले दिसते हा विचार जगभर पसरला. परंतु या दोघांच्याही आधी, १९४२ साली, अब्राहम लचिन्स नावाच्या एका मानसशास्त्रज्ञाने अगदी साध्या घागरींच्या साहाय्याने ही गोष्ट सिद्ध करून दाखविली होती. तो प्रयोग आपण कागद-पेन्सिल घेऊन घरीही करून पाहू शकता.

समजा, आपल्याजवळ तीन घागरी आहेत. पहिलीत २१ मापे पाणी मावते, दुसरीत १२७ आणि तिसरीत ३. आपल्याला नेमकी १०० मापे पाणी हवे आहे. काय कराल? दुसरी घागर काठोकाठ भरा. तिच्यातून पहिली घागर एकदा भरून घ्या. मग तिसरी दोनदा भरून घ्या. १२७ मधून २१ गेले, उरले १०६. त्यांतून दोनदा तीन गेले, उरले १००. उत्तर आले. लचिन्सने लोकांना अशी उदाहरणे एकामागून एक घातली आणि ती सारी याच रीतीने सुटणारी होती. मग त्याने हळूच एक निराळे उदाहरण पुढे केले. घागरी २३, ४९ आणि ३ मापांच्या. पाणी हवे २० मापे. बहुतेकांनी पुन्हा तोच लांबचा मार्ग धरला. मधली भरली, पहिली काढली, तिसरी दोनदा काढली, आणि उत्तर बरोबर आणले. वस्तुतः २३ मापांची घागर भरून तिच्यातून ३ मापे काढली की २० उरतात; मधल्या घागरीला हात लावण्याचेही कारण नव्हते. ज्यांना आधीची उदाहरणे दिली नव्हती, त्यांना हा सोपा मार्ग चटकन दिसला. यानंतर तर त्याने असे उदाहरण दिले की तेथे जुनी रीत चालतच नव्हती. घागरी २८, ७६ आणि ३ मापांच्या. पाणी हवे २५. पहिलीतून तिसरी वजा केली की झाले. परंतु सरावलेल्यांपैकी कित्येकजण येथे अडून बसले. काही जणांना तर लचिन्सने आपल्या कागदावर आधीच "आंधळे होऊ नका" असे लिहून ठेवावयास सांगितले होते. तेव्हा काहींचे डोळे उघडले, सर्वांचे नव्हे.

हा घागरींचा प्रयोग मी प्रथम वाचला, तेव्हा मला आमचे देवास आठवले. याचे कारण असे की, आमच्या गावाने हाच प्रयोग खऱ्या पाण्यावर करून पाहिला आहे, आणि त्याची किंमतही मोजली आहे.

देवास हे माळव्यातील पवारांचे गाव. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने या एकाच गावात नांदत होती. गावाच्या मधोमध देवीची टेकडी. तिच्यावर तुळजाभवानी आणि चामुंडा. माळव्याची भूमी तर पावलोपावली पाणी आणि पावलोपावली भाकरी देणारी म्हणून सर्वत्र वाखाणलेली. येथे वर्षाकाठी सुमारे १००० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ चाळीस इंच पाऊस पडतो. महाराष्ट्रातील अवर्षणाच्या पट्ट्यातील शेतकरी हा आकडा ऐकून आमचा हेवा करील. अशा या गावात १९९० सालच्या एप्रिल महिन्यात पिण्याचे पाणी आगगाडीने आले!

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. माझे वडील नोकरीनिमित्त नाशिकहून येथे आलेले. ती गाडी पाहावयास आम्ही मुले स्थानकावर धावत गेलो होतो. पन्नास टाक्यांची ती गाडी इंदूरहून आली. ढोल-नगारे वाजले. मंत्रिमहोदय आले आणि त्यांनी गाडीतून आलेले नर्मदेचे पाणी पिऊन योजनेचे उद्घाटन केले. आम्हां मुलांना ती जत्राच वाटली. माझी आई मात्र घरी आल्यावर कोणाशी फारसे बोलली नाही. तिने रिकामा हंडा पालथा घालून ठेवला आणि एवढेच म्हणाली, "पाण्याच्या गावात पाणी पाहुणं म्हणून आलं." पुढे दररोज गाडी येत राहिली. इंदूरचे पाणी तरी कोठले? तेही १९७८ सालापासून जलूद येथून, निमाडातून विंध्याचा चढ चढवून वर आणलेले. अनुपम मिश्र यांच्या 'आज भी खरे हैं तालाब' या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आमच्या गावाच्या या गाडीची हकीकत नोंदलेली आहे. आधीच्या तीस वर्षांत गावातील लहानमोठी तळी बुजविली गेली, त्यांवर घरे आणि कारखाने उभे राहिले आणि मग पाण्याचा आधारच उरला नाही, हे त्यांनी तेथे सांगितले आहे.

हे कसे घडले? कोणी मूर्ख होते म्हणून घडले नाही, ही गोष्ट मला आवर्जून सांगावयाची आहे. शहाणी, कष्टाळू माणसे एका चांगल्या साधनाच्या पूर्ण आहारी गेली, म्हणून हे घडले.

ते साधन म्हणजे बोअर. शुद्ध मराठीत विंधन विहीर अथवा कूपनलिका. या साधनाचे उपकार आपण विसरता कामा नयेत. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्याच्या काळात नारूच्या रोगाने खेडीच्या खेडी लंगडत असत. बोअर आणि हातपंप यांनी झाकलेले, स्वच्छ पाणी दारात आणले. या देशातील नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्या यशात या साधनाचाही वाटा आहे. तसेच आपल्या मराठी मुलखातील जालना पंप आणि सोलापूर पंप यांच्याच अनुभवावरून पुढे देशभर पसरलेला इंडिया मार्क दोन हा हातपंप घडला. तीही एक बोधप्रद कथा आहे. एका कुटुंबापुरता बनविलेला बिडाचा पंप सबंध गावासाठी बसविला जाई आणि अर्थातच तो मोडे. मग त्याच जातीचा दुसरा बसविला जाई. हा पंप इतक्या माणसांसाठी आहे काय, असा प्रश्न ज्यांनी विचारला, त्यांनी नवा पंप घडविला.

माळव्यात विजेचे खांब आले, पंप आले, बोअरसाठी कर्ज मिळू लागले. पहिली काही वर्षे जमिनीने भरभरून दिले. पूर्वी येथील काळी जमीन पावसाळ्यात ओल धरून ठेवी आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पिके. आता खरिपात सोयाबीन आणि रब्बीत पाणी दिलेला गहू, अशी दोन पिके येऊ लागली. हातात पैसा आला. शंभर-दीडशे फुटांवर पाणी लागत होते, ते आटले तेव्हा शेतकऱ्याने काय केले? जे पूर्वी फळाला आले होते तेच अधिक जोराने केले. दोनशे फूट, तीनशे फूट, पाचशे फूट. आणि काही ठिकाणी त्याहीपुढे. लचिन्सच्या घागरींची जुनी रीत! मधली भरा, पहिली काढा, तिसरी दोनदा काढा.

परंतु भूगर्भाचे गणित निराळे होते. माळव्याचे पठार म्हणजे सह्याद्रीतील काळ्या पाषाणाचाच उत्तरेकडील विस्तार होय. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि झिजलेला, सच्छिद्र खडक. पावसाचे पाणी मुरते आणि साठते ते मुख्यतः या वरच्या थरात. त्याच्याखाली कठीण पाषाण. त्याच्या भेगांत जे काही पाणी असते ते थोडके, आणि ते पुन्हा भरून येण्यास फार काळ लागतो. वरचा थर ही आपली चालू खात्यातील रोकड, आणि खालच्या भेगा ही पूर्वजांची ठेव, असे म्हणा ना. आम्ही खर्च भागेना म्हणून ठेव मोडली. ती मोडताना, दरवर्षी दारात येणारी पावसाची मिळकत ओढ्यांवाटे निघून जाते आहे, इकडे लक्ष दिले नाही. पाणी कमी झाले म्हणजे ते खाली गेले आहे, आणि ते खाली गेले आहे म्हणजे आपणही खाली जावे, असाच आमचा हिशेब.

दुसऱ्यांच्या चुका सांगणे सोपे असते, म्हणून माझी स्वतःचीही सांगतो.

आमच्या अंगणात वडिलांनी खणलेली, दगडांनी बांधलेली पस्तीस फुटी विहीर होती. मी नोकरीला लागल्यावर एका उन्हाळ्यात ती आटली. मी तिच्यावर फरशी टाकली आणि तिच्यापासून वीस हातांवर बोअर मारली. अडीचशे फुटांवर पाणी लागले. शेजाऱ्यांना पेढे वाटले. चार-पाच वर्षांनी ते गेले. दुसरी बोअर चारशेवीस फूट. ती तीन वर्षे चालली. तिसरीच्या वेळी मी हातात नारळ धरून फिरणारा पाणाड्याही आणला. विज्ञानाचा पदवीधर असून आणला, हे येथे कबूल करतो. गाडी आली, रात्रभर घरघर चालली. पाचशे फुटांवर नुसती पांढरी भुकटी उडत होती. गाडीवाला म्हणाला, "बस, और पचास फीट, मास्टर साहब." मी म्हणालो, मारा. पुन्हा पन्नास, पुन्हा पन्नास. सहाशे चाळीस फुटांवर माझ्याजवळचे पैसे संपले, तेव्हा गाडी थांबली. पाणी नव्हते.

ते पैसे मुलीच्या शिक्षणासाठी बाजूस ठेवलेले होते. तिला पुण्यास जावयाचे होते; ती इंदूरलाच शिकली. तिने ही गोष्ट कधी बोलून दाखविली नाही. म्हणूनच ती माझ्या मनातून जात नाही.

त्या पावसाळ्यात आई एक दिवस पडवीत बसून पन्हळीचे पाणी गटारात जाताना पाहत होती. ती मला म्हणाली, "अरे, खालचं पाणी शोधायला एवढा पैसा घातलास, हे वरचं किती जातं, ते मोजलंस का कधी?" मी कागद घेतला. घराचे छप्पर सुमारे शंभर चौरस मीटर. पाऊस वर्षाला सुमारे एक मीटर. शंभर गुणिले एक म्हणजे शंभर घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर! हा गुणाकार पाचवीतला मुलगाही करील. मी आयुष्यभर गुणाकार शिकविले आणि स्वतःच्या छपराचा एकदाही केला नाही. विहिरीवरील फरशी काढली, गाळ उपसला, आणि गोटे, कोळसा व वाळू यांच्या गाळणीतून छपराचे पाणी विहिरीत सोडले. आता विहीर मार्चअखेरपर्यंत साथ देते. मे महिन्यात अजूनही टँकर मागवावा लागतो. चमत्कार झाला नाही. पण प्रश्न कोणता होता, ते निदान कळले.

जे माझ्या अंगणात उशिरा झाले, ते आमच्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी २००६ सालापासून फार मोठ्या प्रमाणावर करून दाखविले होते. त्या वर्षी उमाकांत उमराव हे देवासचे जिल्हाधिकारी झाले. त्यांनी शेतकऱ्यांपुढे उपदेश केला नाही; हिशेब मांडला. बोअरवर आणि कर्जावर इतका खर्च होतो, त्यातून किती वर्षे पाणी मिळते? त्याऐवजी आपल्या शेताचा दहावा-विसावा हिस्सा तळ्यासाठी दिला, तर जमीन किती जाते आणि पीक किती वाढते? ज्यांच्याजवळ जमीन आणि ट्रॅक्टर होते, अशा मोठ्या शेतकऱ्यांपासून त्यांनी सुरुवात केली. बोअरवर सर्वांत अधिक उपसा त्यांचाच होता आणि तळे खणण्याची ऐपतही त्यांच्यातच होती. तळ्यांना रेवासागर हे नाव मिळाले आणि ती खणणाऱ्यांना भगीरथ कृषक. टोंककलां, धतूरिया अशा गावांच्या शिवारांत पाण्याचे आरसे चमकू लागले. पहिल्या शेतकऱ्यांनी बव्हंशी स्वतःच्या खर्चाने तळी खणली. पुढे २००७ साली राज्य सरकारने बलराम तालाब योजना सुरू करून अनुदानाची सोय केली. काही वर्षांत जिल्ह्यात हजारो तळी झाली. ज्या शेतांत रब्बीचे पीक सोडून द्यावे लागे, तेथे पुन्हा गहू-हरभरा उभा राहिला. हिवाळ्यात पाखरे येऊ लागली.

येथे बदलले काय? पाऊस तोच, जमीन तीच, माणसे तीच. बदलला तो प्रश्न. किती खोल जावे, हा प्रश्न टाकून, पडलेले पाणी कोठे थांबवावे, हा प्रश्न विचारला गेला. उत्तर पुष्कळदा जवळच असते. चुकीच्या प्रश्नाआड ते दडून बसते.

तथापि, श्रोतेहो, येथे एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. बोअर वाईट आणि तळे चांगले, एवढाच बोध जर आपण घेतला, तर एक हातोडा टाकून दुसरा उचलल्यासारखे होईल. महाराष्ट्रात २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. हेतू उत्तम होता. पण नाशिक-नगरकडील कित्येक बागाईत शिवारांत काय दिसते? तळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर घालतात आणि त्यात पावसाचे पाणी धरण्याऐवजी विहिरीचे आणि बोअरचे पाणी उपसून भरतात. जमिनीखाली सुरक्षित असलेले, सर्वांच्या वाट्याचे पाणी वर काढून, ते उन्हात वाफ होण्यासाठी उघडे ठेवावयाचे! द्राक्षबाग वाचते हे खरे; पण शेजाऱ्याची विहीर लवकर आटते. नाव तळ्याचे, काम बोअरचे. म्हणजे साधन बदलले. मनाची रीत बदलली नाही.

मन असे का करते? एक कारण असे की, सवय हा मनाचा काटकसरी कारभार आहे. रोज सकाळी चप्पल कोणत्या पायात घालावी याचा विचार करू लागलो, तर कामावर पोहोचणार नाही. दुसरे कारण असे की, एका साधनाभोवती सारा संसार उभा राहतो. बोअरसाठी गाडी मिळते, मिस्त्री मिळतो, कर्ज मिळते, शेजाऱ्याचा सल्ला मिळतो. विहिरीतील गाळ काढणारा माणूस मात्र शोधूनही सापडत नाही. तिसरे कारण सर्वांत चमत्कारिक आहे. आपण दुसरा मार्ग शोधीत आहोत, असे आपल्याला प्रामाणिकपणे वाटत असते आणि तरीही आपण तो शोधीत नसतो. बिलालिच, मॅक्लाउड आणि गोबे या तीन संशोधकांनी २००८ साली निष्णात बुद्धिबळपटूंपुढे एक डाव मांडला. त्यात पाच चालींत मात करण्याचा एक सुपरिचित मार्ग होता, आणि तीन चालींत मात करण्याचा एक अपरिचित. परिचित मार्ग सापडल्यावर, याहून बरा मार्ग आम्ही शोधीत आहोत, असे खेळाडू म्हणत होते. परंतु त्यांची नजर कोठे जाते हे यंत्राने टिपले, तेव्हा दिसून आले की ती पुन्हा पुन्हा त्याच परिचित मार्गाच्या घरांवर रेंगाळत होती! माझा गाडीवाला आणि मी त्या रात्री असेच पन्नास-पन्नास फूट शोधीत होतो.

मग यावर उपाय आहे की नाही? याचेही एक उदाहरण आमच्याच गावात आहे, आणि ते सबंध महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९४८ सालच्या जानेवारीत एक तेवीस वर्षांचा आजारी गायक देवासला राहावयास आला. बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजेच कुमार गंधर्व. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ते हुबेहूब तसेच गात आणि ऐकणारे थक्क होत. पुढे मुंबईस प्रोफेसर देवधरांकडे त्यांनी विद्या मिळविली. आणि मग क्षयाने गाठले. फुप्फुस निकामी झाले, सुमारे पाच वर्षे गाण्याची बंदी झाली. गायकाच्या हातातील एकमेव हत्यार काढून घेतले गेले. त्या काळात ते ऐकत राहिले. माळव्यातील बायकांची लग्नातील आणि सणावारांची गाणी, दारोदार फिरणाऱ्या जोग्यांची निर्गुणी भजने. पुढे बरे होऊन ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा पूर्वीसारखा दीर्घ दम उरला नव्हता. त्यांनी त्या दमाची नक्कल केली नाही. लहान लहान, टोकदार स्वरवाक्ये आणि त्यांच्यामधील शांतता यांतून त्यांनी आपले गाणे नव्याने घडविले. लोकधुनांतून नवे राग शोधले, आणि १९६५ साली 'अनूपरागविलास' मध्ये आपल्या बंदिशी सादर केल्या. १९९२ साली ते येथेच वारले. आजार हा काही गुरू नव्हे, आणि तो कोणाच्या वाट्यास न येवो. पण साधन हातून गेल्यावर त्यांनी गाणे म्हणजे काय, हा मूळ प्रश्न पुन्हा विचारला, एवढे तरी आपण त्यांच्यापासून घेऊ शकतो.

साधन हातून जाण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ते घटकाभर खाली ठेवता येते. मी आता तीन गोष्टी करतो, त्या आपणांस सांगतो. पहिली, कोणताही प्रश्न साधनाचे नाव न घेता एका वाक्यात लिहावयाचा. बोअर कोठे मारावी, हा प्रश्न नव्हे. उन्हाळ्यात घराला रोज तीनशे लिटर पाणी कोठून मिळेल, हा प्रश्न होय. दुसरी, हे साधन जगात नसतेच तर काय केले असते, असे स्वतःला विचारावयाचे. आणि तिसरी, त्या विषयातील ज्याला फारसे कळत नाही अशी आपली समजूत आहे, अशा एका तरी माणसाला विचारावयाचे. माझ्या बाबतीत ती माणसे दोन निघाली. एक माझी आई, आणि दुसरी मागल्या बाकावरील ती मुलगी.

शाळेतही मी एक बदल केला आहे. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे १९८० सालाच्या सुमारास लहान मुलांना एक उदाहरण घातले होते. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? बहुतेक मुलांनी आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून कप्तानाचे वय सांगून टाकले. मुले मूर्ख नव्हती. शाळेतील उदाहरण म्हणजे आकडे घेऊन काहीतरी करावयाचे, हे आम्ही मास्तरांनीच त्यांना शिकविलेले असते. म्हणून आता प्रत्येक चाचणीत मी एक तरी उदाहरण असे घालतो की, शिकविलेली रीत तेथे लागू पडत नाही. हे या माहितीवरून सांगता येत नाही, असे जो कारणासह लिहील, त्याला पूर्ण गुण. पहिल्या चाचणीत असे तीनच विद्यार्थी निघाले. सहामाहीत अकरा झाले.

हा आकडा लहान आहे, हे मी जाणतो. परंतु ही मुले उद्या मोठी होतील. कोणी शेती करील, कोणी दवाखाना चालवील, कोणी कर्जाच्या अर्जावर सही करील. आमच्या अंगणातील त्या कोरड्या बोअरच्या तोंडावर मी झाकण बसविले आहे. ते लोखंडी झाकण दिसले की मला ती पांढरी भुकटी आठवते, आणि पुण्याला न गेलेली माझी मुलगीही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एखादा तरी पुढे कधी अशाच रात्री, आणखी पन्नास फूट मारा, असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबला, आणि छपराकडे पाहू लागला, तर मी शिकविलेले गणित उपयोगी पडले असे म्हणेन.